गॅरेज सुरू करताय? भारी ट्रॉली राहू द्या, आधी पाने घ्या: पावसात टिकणारी, खिशाला परवडणारी हत्यारपेटी कशी निवडायची



घरच्या पडवीत किंवा घराशेजारच्या शेडमध्ये छोटं गॅरेज टाकायचं म्हणणारी मुलं मला नेहमी एक प्रश्न विचारतात. "सर, टूल ट्रॉली कोणती घेऊ?" लाल रंगाची, सात खणांची, चाकांवर फिरणारी. मोबाईलवर तिचे फोटो बघून ठेवलेले असतात. व्हिडिओत या विषयाला दोन मिनिटंच मिळाली होती, म्हणून इथे सविस्तर लिहितोय.

माझं मत सुरुवातीलाच सांगतो. पहिल्या वर्षी ट्रॉली घेऊ नका. पाच कप्प्यांची पत्र्याची पेटी, सोबत खांद्याला लावायची एक जाड कापडी पिशवी, आणि नटबोल्टसाठी चार डबे, एवढ्यात गॅरेज सुरू होतं. पेटीवरचा खर्च हत्यारांच्या किमतीच्या साधारण दहाव्या हिश्श्यात बसला पाहिजे. असं का, ते आता तळेघरचं उदाहरण घेऊन बघू.

तळेघरच का?

आंबेगाव तालुक्यात मंचरहून घोडेगाव, डिंभे करत भीमाशंकरला निघालात की वाटेत तळेघर लागतं. इथे गॅरेजला काम आहे. श्रावणात आणि महाशिवरात्रीला भीमाशंकरला जाणाऱ्या गाड्यांची रांग लागते. त्यातली एखादी पंक्चर होते, कुणाची क्लच केबल तुटते, कुणाचे घाटात ब्रेक तापतात. जून-जुलैत भातलावणीसाठी चिखलणी सुरू झाली की पॉवर टिलर बंद पडतात. आजूबाजूच्या वाड्या-वस्त्यांवर मोटरसायकल आहे, पाण्याचा पंप आहे, पिठाची गिरणी आहे. दुरुस्तीला माणूस मिळाला नाही तर गाडी टेम्पोत घालून घोडेगावला नाहीतर मंचरला न्यावी लागते.

म्हणजे धंद्याला जागा आहे. चाकणच्या कारखान्यात कंत्राटावर राबणाऱ्या एखाद्या पोराने गावी येऊन हे काम उभं करायचं ठरवलं, तर ते जमण्यासारखं आहे. पण तिथे दोन अडचणी आहेत. पहिली म्हणजे भांडवल थोडं असतं, बऱ्याचदा साठवलेल्या पगाराचं. दुसरी म्हणजे पाऊस. भीमाशंकरच्या माथ्यावर वर्षाला साधारण ३००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि तळेघर त्याच पट्ट्यात येतं. पुण्यातल्या दुकानात चकचकीत दिसणारी पेटी इथे दोन पावसाळ्यांत कशी दिसेल, हा विचार पेटी घेण्याआधीच करायला हवा. आणि गंमत बघा, सगळ्यात ओला काळ तोच इथे कामाचा काळ!

आधी पैशाचं गणित

समजा तुमच्याकडे ३०,००० रुपये आहेत. आकडे उदाहरणापुरते आहेत, तुमच्या बाजारातले भाव टाकून हेच गणित पुन्हा करा.

पहिला मार्ग: हत्यारं १८,०००, पेटी आणि पिशवी २,०००, ट्यूब, केबल, ऑइल, प्लग असा माल ६,०००, हातात शिल्लक ४,०००.

दुसरा मार्ग: ट्रॉली १५,०००, हत्यारं १०,०००, माल ५,०००, शिल्लक शून्य.

दुसऱ्या मार्गात शेड देखणी दिसेल. पण पहिल्याच आठवड्यात एखादी गाडी येईल, तिला पुलर लागेल आणि तो तुमच्याकडे नसेल. ग्राहक म्हणेल, "राहू द्या भाऊ, घोडेगावला दाखवतो." तो पुन्हा तुमच्याकडे कशाला येईल? आपल्याकडे म्हण आहे, नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा. सात खणांची ट्रॉली आणि आत तीन खण रिकामे, ही तीच गत.

काही जण म्हणतात, "सर, ट्रॉली बघून ग्राहकाचा विश्वास बसतो." यात तथ्य आहे, पण अर्धंच. ग्राहकाला मेकॅनिकचा पाना चटकन हाताला लागलेला दिसतो, काढलेले नट एका वाटीत नीट ठेवलेले दिसतात, तेव्हा त्याला भरवसा वाटतो. ही शिस्त दोन हजारांच्या पेटीतही येते. नसली तर वीस हजारांच्या ट्रॉलीतही येत नाही.

आता वेळेचा हिशोब बघा. दिवसातून दहा वेळा हत्यार शोधायला दोन-दोन मिनिटं गेली तर रोजची २० मिनिटं गेली. महिन्याचे २५ दिवस धरले तर ५०० मिनिटं, म्हणजे आठ तास वीस मिनिटं. महिन्यातला कामाचा एक अख्खा दिवस! म्हणून पेटी विकत घेताना मनात एकच प्रश्न ठेवायचा: यात माझं हत्यार डोळे मिटून सापडेल का?

पेटी घेण्याआधी घरी करायची तीन कामं

एक, यादी करा. रिंग पाने, फिक्स पाने, गोटी पाने, पक्कड, नोज प्लायर, स्क्रू ड्रायव्हर, ॲलन की, हातोडी, छिन्नी, कानस, फिलर गेज. आज असलेली आणि येत्या सहा महिन्यांत घ्यायचीच असलेली, एवढीच लिहा. "कधीतरी लागेल" ही यादी वेगळी.

दोन, वजन करा. सगळी हत्यारं गोणीत घालून काट्यावर ठेवा. घरगुती गॅसचा भरलेला सिलिंडर साधारण तीस किलोचा असतो. तुमची भरलेली पेटी त्याच्या जवळपास जाणार असेल तर ती एकट्याने रोज पडवीतून घरात नेणं जमणार नाही. मग एका मोठ्या पेटीऐवजी दोन मध्यम पेट्या घ्या.

तीन, सगळ्यात लांब हत्यार मोजा. बहुतेक वेळा तो व्हील पाना किंवा सॉकेटचा लांब दांडा असतो. पेटीची आतली लांबी त्यापेक्षा जास्त हवी, नाहीतर ते हत्यार कायम बाहेर लोळत राहणार. डब्यावर लिहिलेलं माप बऱ्याचदा बाहेरचं असतं. दुकानात टेप घेऊन जा आणि आतून मोजा.

पत्रा, बिजागरी, हँडल: दुकानात काय तपासायचं

पत्र्याची जाडी गेजमध्ये सांगतात आणि इथेच नवखे फसतात. गेजचा आकडा जितका लहान, तितका पत्रा जाड. २० गेज म्हणजे साधारण ०.९ मिलिमीटर, २२ गेज साधारण ०.७ आणि २४ गेज साधारण ०.५६. दुकानदार "२४ गेज आहे, एकदम हेवी" म्हणाला तर ते हेवी नाही. गॅरेजच्या पेटीला २० किंवा २२ गेज बघा. आकडा कुठेच लिहिलेला नसेल तर सोपी युक्ती सांगतो. एकाच मापाच्या दोन पेट्या काट्यावर ठेवा. एक मिलिमीटर जाडीच्या एक चौरस मीटर पत्र्याचं वजन ७.८५ किलो भरतं. म्हणजे माप सारखं असेल तर जास्त वजनाची ती जास्त जाड. काटा खोटं बोलत नाही.

कप्पे उघडून बघा. पाच कप्प्यांच्या पेटीत वरचे कप्पे पट्ट्यांवर दोन्ही बाजूंना सरकतात. त्या पट्ट्यांचे रिव्हेट हे या पेटीचं सगळ्यात नाजूक ठिकाण. पूर्ण उघडून कप्पा हाताने वर-खाली हलवा. आत्ताच खडखडत असेल तर पाने भरल्यावर वर्षभरही टिकणार नाही. पट्ट्यांची जाडी पेटीच्या पत्र्याहून जास्त हवी.

हँडल बघा. पेटीच्या सगळ्या वजनाची परीक्षा इथे होते. गोल नळीचं, दोन्ही टोकांना नीट बसवलेलं हँडल घ्या. पातळ पट्टीचं हँडल हात कापतं आणि वाकतं.

कडा बोटाने चाचपा. पत्र्याच्या कडा आत वळवलेल्या हव्यात. वळवलेली कड पेटीला ताठपणा देते आणि तुमची बोटंही वाचवते.

कडी-कोयंड्याला खरंखुरं कुलूप बसतं का, तेही बघा. पडवीतलं गॅरेज रात्री उघडंच असतं. कुलूप लावलेली पेटीसुद्धा कुणी उचलून नेऊ शकतो, म्हणून हँडलमधून साखळी घालून ती खांबाला बांधायची.

रंग शेवटी बघा, पण नीट बघा. बाहेरून सगळेच रंगवतात. आतला तळ, कोपरे आणि सांधे उघडे आहेत का? साध्या सीआर पत्र्यावर रंगाचा ओरखडा गेला की तिथून गंज सुरू होतो. जीपी पत्र्यावर जस्ताचा थर असतो. ओरखडा पडला तरी आधी जस्त झिजतं आणि लोखंड वाचतं. तळेघर, आहुपे, भीमाशंकर या ओल्या पट्ट्यात जीपी पत्र्यासाठी थोडे जास्त पैसे गेले तर जाऊ द्या. इथे काटकसर करू नका.

मग प्लास्टिकची पेटी का नको?

प्लास्टिक गंजत नाही, हलकं असतं, स्वस्त असतं. वायरिंगच्या कामाला ती चालते. पण गॅरेजमध्ये पेटीवर पाय ठेवला जातो, कुणी तिच्यावर बसतं, तापलेला सायलेन्सर टेकतो, पेट्रोल सांडतं. वजन वाढलं की प्लास्टिकची बिजागरी आधी जाते आणि ती दुरुस्त होत नाही. पत्र्याच्या पेटीची बिजागरी तुटली तर कोणताही वेल्डर लावून देतो. खेडेगावात वस्तू घेताना हा माझा नेहमीचा निकष आहे: जी गावातच दुरुस्त होते ती घ्या.

वस्तीवर जाऊन पंप किंवा टिलर दुरुस्त करायचा असेल तर पत्र्याची पेटी मोटरसायकलवर नाचते आणि शेवटची चढण पायी असेल तर खांदा मोडते. त्यासाठी जाड कॅनव्हासची पिशवी. त्यात रोज लागणारी दहा-बारा हत्यारंच ठेवायची. एका मोठ्या ट्रॉलीपेक्षा "एक पेटी, एक पिशवी" ही जोडी आपल्या डोंगरी भागात जास्त पैसे कमावून देते, कारण ट्रॉली वस्तीवर जाऊच शकत नाही.

घ्यायची कुठे?

तीन पर्याय आहेत.

मंचरच्या किंवा नारायणगावच्या हार्डवेअर दुकानातून तयार पेटी. हाताने उघडून बघता येते, पुढे काही झालं तर दुकानदार ओळखीचा असतो. ऑनलाइन दोनशे रुपये कमी दिसतात, पण पेटी पिचकून आली तर परत पाठवायचा त्रास तळेघरला जास्त होतो. नावाजलेल्या कंपन्यांचा माल घ्या. हातहत्यारांतली तापरिया ही कंपनी तर आपल्या नाशिकच्या सातपूरची आहे.

फॅब्रिकेशनवाल्याकडून बनवून घेणं. कागदावर माप, पत्र्याचा प्रकार आणि गेज लिहून द्या. बोली किलोवर करायची की एकूण नगावर, ते आधी ठरवा. खण करून घेणार असाल तर बेअरिंगचे चॅनल वापरायला सांगा आणि चॅनल किती किलोचे आहेत तेही विचारा.

जुना माल. पुण्यातल्या रविवारी आणि बुधवारी भरणाऱ्या जुन्या बाजारात किंवा भंगाराच्या दुकानात ऑफिसचं जुनं लोखंडी फायलींचं कपाट मिळालं तर त्याचे खण गॅरेजला उत्तम चालतात. पण तळेघर पुण्याहून बरंच लांब आहे. गाडीभाडं धरून जे पडेल ती खरी किंमत. भाडं धरलं की बऱ्याचदा जुनं कपाट नव्या पेटीच्या घरात जातं.

आणि नटबोल्टसाठी? गोडेतेलाचे १५ किलोचे रिकामे डबे आडवे कापा, कडा ठोकून आत वळवा, झाले खण. यासाठी पैसे घालवायची गरज नाही.

पावसाळ्यात पेटी बंद ठेवली म्हणजे हत्यारं सुरक्षित, असं नाही

हा गैरसमज फार महाग पडतो. हवेतली आर्द्रता साठ टक्क्यांच्या वर गेली की लोखंड भराभर गंजू लागतं आणि पावसाळ्यात तळेघरला हवा त्याच्या खूप वर असते. ओली हत्यारं पेटीत टाकून झाकण लावलं की ओल आतच कोंडते. रात्री लोखंड गार पडलं की हत्यारांना अक्षरशः घाम येतो. वर हातांच्या घामातलं मीठ असतंच.

उपाय साधे आहेत. संध्याकाळी प्रत्येक हत्यार कोरड्या फडक्याने पुसायचं, मग इंजिन ऑइलचा अगदी हलका हात फिरवायचा. पेटीच्या तळाशी पुठ्ठा किंवा वर्तमानपत्र घालू नका, ते ओल धरून ठेवतं. जाळीची प्लास्टिक मॅट घाला. पेटी जमिनीवर ठेवू नका. सारवलेली जमीन असो की कोबा, दोन्हींना ओल सुटते. दोन विटा आणि वर फळी, एवढ्यावर काम भागतं. पावसाची झड ज्या भिंतीवर बसते तिला पेटी टेकवू नका. हे रोजचं दहा मिनिटांचं काम आहे. ते टाळलं तर दोन वर्षांत पानेच नव्याने घ्यावे लागतील.

चाकणला शिकलेलं घरी आणा

कारखान्यात काम केलेल्यांनी भिंतीवर "फाइव्ह एस" चा फलक पाहिला असेल. जपानी कारखान्यांतून आलेली ही पद्धत आहे: नको ते काढा, उरलेलं जागेवर लावा, स्वच्छ ठेवा, नियम ठरवा, नियम पाळा. तिथे ते साहेबासाठी करायचं होतं. इथे स्वतःच्या खिशासाठी करायचं आहे.

प्रत्येक कप्प्याला एक काम द्या. वरचा डावा पानांचा, वरचा उजवा स्क्रू ड्रायव्हर आणि पक्कडींचा, असं. कप्प्याच्या तळावर रंगाने हत्याराचा आकार काढा. जागा रिकामी दिसली की गाडी गिऱ्हाइकाच्या हातात द्यायच्या आधी पाना शोधा. विमानांच्या दुरुस्तीत याच कारणासाठी हत्यारांना कापलेल्या फोमचे खण असतात. इंजिनात विसरलेला एक पाना तिथे जीव घेऊ शकतो. आपल्याकडे विमान नसेल, पण मोटरसायकलवर गिऱ्हाईक आणि त्याची लेकरं बसतात.

आपल्या परंपरेत तर याचा दिवसच ठरलेला आहे. खंडेनवमीला आपण हत्यारं धुऊन-पुसून पुजतो. त्याच दिवशी ती वहीत मोजूनही घ्या. काय हरवलं, काय झिजलं, काय नवं लागणार. दुसरी मोजणी मे अखेरीस, पावसाआधी. वर्षातून दोन मोजण्या पुरे.

योजनांबद्दल थोडक्यात

पीएम विश्वकर्मा योजनेत हत्यारांच्या संचासाठी १५,००० रुपयांपर्यंतचं ई-व्हाउचर मिळतं, हे खरं आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या या योजनेत १८ व्यवसाय आहेत. सुतार, लोहार, कुलूप बनवणारे, गवंडी, शिंपी त्यात येतात. गाड्यांचा मेकॅनिक त्यात नाही. त्यामुळे "तुमचंही करून देतो" म्हणत पैसे मागणाऱ्या एजंटापासून लांब राहा. मेकॅनिकने मुद्रा योजनेतलं शिशु कर्ज बघावं, ते ५०,००० रुपयांपर्यंत मिळतं आणि त्याला तारण लागत नाही. उद्यम नोंदणी मोफत आहे. आदिवासी समाजातल्या तरुणांनी घोडेगावच्या एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयात जाऊन सध्या कोणते अर्ज सुरू आहेत ते स्वतः विचारावं. बँकेला कोटेशन लागतं, म्हणून पेटी असो की पाने, पक्कं बिल घ्या आणि फाइलला लावा.

कर्ज मिळालं तरी ट्रॉलीचा नियम तोच. कर्जाच्या पैशाने आधी काम आणणारी वस्तू घ्यायची.

मग ट्रॉली कधी घ्यायची?

तीन गोष्टी एकत्र जमल्या की घ्या. पहिली, पेटी आणि पिशवी भरून हत्यारं उरायला लागली. दुसरी, हाताखाली दुसरा माणूस आला आणि दोघं एकाच पेटीत हात घालताय. तिसरी, शेडमध्ये पक्की, सपाट फरशी झाली, कारण मातीत चाकं रुततात. आणि घ्यायची ती मागच्या सहा महिन्यांच्या नफ्यातून. त्या दिवशी खुशाल लाल रंगाची घ्या!

या रविवारी एवढंच करा. वही घ्या, हत्यारांची यादी लिहा, वजन करा, सगळ्यात लांब पाना मोजा. हे तीन आकडे खिशात ठेवूनच मंचरचा बाजार गाठा. दुकानदाराने किती माप हवं ते विचारलं की कागद पुढे करा.